लाल आकडे: एक विहुएला-गाणं, छापील फॅक्सिमिली आणि स्कॅन

"अरे, हे मी म्हणायचं की तू वाजवायचंस?"

ताईने हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा आम्ही दोघं पुण्यात माझ्या खोलीत बसलो होतो, समोर स्टँडवर १५३६ सालच्या एका स्पॅनिश पुस्तकाची कृष्णधवल छापील फॅक्सिमिली (मूळ पानांचे फोटो काढून छापलेली हुबेहूब नक्कल) उघडी होती आणि मला उत्तर देता आलं नाही. त्या एका प्रश्नामागे आमचे पुढचे चार महिने गेले. ते सगळं इथे नीट लिहून ठेवतोय, कारण ल्यूट किंवा विहुएला या युरोपातल्या तंतुवाद्यांचं जुनं संगीत वाजवणाऱ्या माणसाला कधी ना कधी ठरवावंच लागतं की छापील फॅक्सिमिली विकत घ्यायची का ग्रंथालयाच्या साइटवरचा स्कॅन उतरवून घ्यायचा, आणि ही चर्चा बहुतेक वेळा पैसे आणि कपाटातली जागा यांच्यावर येऊन संपते. आमची चर्चा रंगावर येऊन थांबली.

आधी थोडी ओळख. विहुएला म्हणजे सोळाव्या शतकात स्पेनमध्ये ल्यूटच्या जागी वाजणारं वाद्य, दिसायला गिटारसारखं पण तारा आणि त्यांची जुळणी ल्यूटसारखी, त्यामुळे ल्यूटवाले आणि विहुएलावाले एकमेकांचं साहित्य बिनधास्त वाजवतात. विहुएलासाठी छापलेली एकूण सात पुस्तकं आज आपल्याकडे आहेत, पहिलं १५३६ चं आणि शेवटचं १५७६ चं. पहिलं म्हणजे लुईस मिलानचं 'एल माएस्त्रो', व्हॅलेन्सियात छापलेलं. नावाचा अर्थ 'शिक्षक', आणि पुस्तक खरंच तसं रचलंय, सोप्यापासून अवघडाकडे, जणू गुरू समोर बसून शिष्याला पुढे नेतोय. आत ७२ रचना आहेत, त्यात ४० फँटसिया आणि २२ गाणी, बाकी पावान आणि तिएन्तो (गाणी सोडली तर या सगळ्या नुसत्या वाद्यावर वाजवायच्या रचना). गाण्यांमध्ये १२ व्हियान्सिको, म्हणजे मुखडा आणि कडवी असलेली गाणी, आहेत, ६ स्पॅनिश आणि ६ पोर्तुगीज.

आम्ही घेतलेलं गाणं म्हणजे यातला पहिलाच व्हियान्सिको, 'तोदा मी विदा ओस आमे'. आयुष्यभर तुमच्यावर प्रेम केलं, तुम्ही माझ्यावर करता का ते मला ठाऊक नाही, एवढाच मुखडा. ताई हिंदुस्थानी गाणं शिकलेली, तिला हे शब्द ऐकताक्षणी आवडले, म्हणाली हे तर ठुमरीतच शोभेल.

संगीत लिहिलंय टॅबमध्ये. सहा रेषा म्हणजे सहा तारा, रेषेवर आकडा म्हणजे कुठल्या फ्रेटवर (दांड्यावरच्या आडव्या पट्टीवर) बोट, ० म्हणजे मोकळी तार, आणि वर छोट्या खुणा काळ सांगायला. मिलान सगळ्यात वरची रेषा सगळ्यात बारीक तारेला देतो, आजच्या गिटार टॅबसारखी, त्यामुळे मला वाचायला अडचण आली नाही (त्याच्यानंतर दोनच वर्षांनी नार्वाएझ या दुसऱ्या विहुएलावादकाचं पुस्तक आलं त्यात रेषा इटालियन पद्धतीने उलट्या आहेत, तिथे हात पार गोंधळतो). गिटारवर हे वाजवायचं तर तिसरी तार अर्धा स्वर उतरवायची आणि तिसऱ्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावायचा, जुळणी तयार.

फॅक्सिमिली मला एका नातेवाइकांनी परदेशातून आणून दिली होती, सेकंडहँड, कापडी बांधणी, आतला कागद थोडा पिवळट. मला ते पुस्तक फार प्रिय आहे हे आधीच सांगतो. स्टँडवर उघडं राहतं, डावं पान आणि उजवं पान एकत्र दिसतं, रचना कुठे सुरू होते आणि पान उलटायच्या आधी कुठे श्वास घ्यायला मिळतो हे नजरेला आपोआप कळतं, आणि मुख्य म्हणजे पुढे एका अभ्यासकाची प्रस्तावना आहे, ज्यात ही छायाचित्रं कुठल्या ग्रंथालयातल्या कुठल्या प्रतीची आहेत ते स्पष्ट छापलंय. या शेवटच्या गोष्टीचं महत्त्व मला तेव्हा कळलं नव्हतं.

तर अडचण अशी होती. गाण्याचे शब्द टॅबच्या खाली छापलेत पण गाण्याची चाल वेगळी लिहिलेलीच नाही. गायकासाठी स्वतंत्र ओळ नाही, जे आहे ते सगळं त्या आकड्यांच्या गर्दीत. मग आम्ही आपल्या मनाने ठरवलं की चाल म्हणजे वरचा स्वर असणार, मी प्रत्येक ठिकाणचा वरचा आकडा निवडून ताईला स्वर देत गेलो आणि ती म्हणत गेली. पहिली आवृत्ती बरी जमली, तिथे विहुएला संथ आहे. पण मिलानने हेच गाणं लगेच दुसऱ्यांदा दिलंय आणि त्यात विहुएलाला भराभर धावणाऱ्या जागा आहेत, तिथे वरच्या तारेवरचे आकडे म्हणायला गेलं की ताईला एकामागून एक तानाच घ्याव्या लागत होत्या, शब्द मोडत होते, आणि ती थांबून विचारायची, हे मी म्हणायचं की तू वाजवायचंस?

आम्ही तीन आठवडे हे असंच रेटलं. घरच्या एका छोट्या बैठकीत म्हणूनही दाखवलं, लोकांना आवडलंही, पण ताईला आतून पटत नव्हतं. तिचं म्हणणं साधं होतं, कुठल्याही बंदिशीत शब्द असा चिरडला जात नाही, रचणारा एवढा कच्चा असणार नाही, आपल्यालाच काहीतरी दिसत नाहीये.

मग मी माझ्या गिटारच्या सरांकडे गेलो. सर मूळचे मडगावचे, लहानपणी पोर्तुगीज शाळेत शिकलेले, त्यामुळे स्पॅनिश त्यांना वाचून बऱ्यापैकी कळतं. त्यांनी आधी आकड्यांकडे पाहिलंच नाही, गाण्याच्या अगोदरचा मजकूर वाचायला घेतला, जो आम्ही नक्षी समजून ओलांडला होता. अर्धं पान वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "हा म्हणतो गायकाचे स्वर लाल आकड्यांत दिलेत. लाल आकडे खंय आसात?"

पानावर एकही आकडा लाल नव्हता. सगळे सारखेच काळे.

म्हणजे चाल पहिल्यापासून पानावरच होती. मिलानच्या पुस्तकात टॅब दोन रंगांत छापलीय, गळ्याचे आकडे लाल आणि बाकीचे काळे (नार्वाएझ आणि पुढे १५५४ मध्ये फुएनयाना, जो जन्मांध होता, त्यांनीही हीच युक्ती वापरली). हातछपाईच्या काळात दोन रंग म्हणजे जुळवाजुळवीचं केवढं काम, तरी त्यांनी ते केलं, कारण गायक आणि वादक एकाच पानावरून वाचणार आणि बऱ्याचदा तो एकच माणूस असणार.

मग लाल गेला कुठे? ज्यांनी जुन्या फोटो स्टुडिओची डार्करूम पाहिलीय त्यांना आठवेल, आत लाल दिवा असायचा, कारण काही प्रकारच्या फिल्मला आणि कागदाला लाल उजेड दिसतच नाही. ऑफसेट छपाईसाठी रेघा आणि अक्षरं उचलायला जी कडक काळी-पांढरी फिल्म वापरायचे ती याच जातीची. तिच्या दृष्टीने लाल म्हणजे अंधार, म्हणून लाल शाई छापून येते ती काळ्याइतकीच काळी. पान स्वच्छ दिसतं, आकडे ठसठशीत, एकही आकडा गहाळ नाही, त्यामुळे काही हरवलंय अशी शंकासुद्धा येत नाही. पान फाटलेलं असतं तर आम्ही पहिल्याच दिवशी दुसरी प्रत शोधली असती.

त्या रात्री सरांच्याच घरी आम्ही स्पेनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहातला रंगीत स्कॅन उघडला. आधी सुरुवातीची पानं आली आणि सर अर्पणाशीच थांबले, पुस्तक पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याला अर्पण केलंय, म्हणजे त्या वेळी गोवा ज्याच्या ताब्यात होतं तोच. सरांनी लगेच दुरुस्तीही केली की १५३६ मध्ये त्याच्याकडे तिसवाडीचा भाग होता, आमची सासष्टी आणि बार्देश १५४३ मध्ये गेले. मग पानं पुढे सरकवत आम्ही गाण्यापाशी आलो आणि तिथे ते होते, लाल आकडे, थोडे विटलेले, पण लाल. मी ताईला फोन लावला आणि एकेक स्वर वाचून दाखवायला लागलो.

चाल किती साधी निघाली! दुसऱ्या आवृत्तीत तर आम्ही ताईच्या गळ्यात घातलेले निम्मे स्वर तिचे नव्हतेच, ते विहुएलाच्या धावत्या बोटांचे होते. आणि मिलानची सूचना सरांनी वाचून दाखवली तेव्हा सगळं जागेवर बसलं. पहिल्या आवृत्तीत वादकाने संथ जायचं आणि गायकाने हवा तसा गळा फिरवायचा, दुसऱ्या आवृत्तीत वादक धावणार आणि गायकाने सरळ, साधं म्हणायचं. 'गळा फिरवणे' हे मी मराठी करून सांगत नाहीये, स्पॅनिशमध्येही तिथे शब्द 'गार्गान्ता' म्हणजे गळा असाच आहे. ताईला हे कळल्यावर ती काही बोलली नाही, फोनवरच तिने पहिली आवृत्ती पुन्हा म्हटली, या वेळी मुरक्या घेऊन.

इथे गोष्ट संपली असती तर मी लिहिलं असतं की स्कॅन घ्या, फॅक्सिमिली सोडा. पण दुसऱ्या दिवसापासून वेगळाच त्रास सुरू झाला.

मी ती पानं उतरवून घेतली आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला दिली. रंगीत प्रिंट महाग म्हणून काळी-पांढरी काढली, मशीन अक्षरांच्या सेटिंगवर होतं, आणि लाल आकडे परत काळे होऊन हातात आले. पुन्हा तेच पान! मग टॅब्लेटवर वाचून पाहिलं. गिटार घेऊन बसलं की टॅब्लेट हातभर लांब राहतो, एका वेळी एकच पान मोठं दिसतं, दोन्ही पानं एकत्र लावली तर आकडे मुंगीएवढे होतात, आणि संध्याकाळी स्क्रीनचा रात्रीचा पिवळा मोड आपोआप चालू होतो त्यात लाल आणि काळा यांच्यातलं अंतर कमी होतं. ताईने तिच्या ई-इंक रीडरवर टाकून पाहिलं, तिथे तर सगळं राखाडी. म्हणजे स्कॅनमध्ये रंग होता, पण आमच्या डोळ्यांपर्यंत यायच्या आधी तीन ठिकाणी तो गळत होता, आणि तिन्ही ठिकाणं आमच्याच घरातली किंवा गल्लीतली होती.

शिवाय सगळेच स्कॅन रंगीत नसतात. इंटरनेटवर याच प्रकारच्या पुस्तकांच्या ज्या पीडीएफ हातोहात फिरतात त्यातल्या कित्येक जुन्या मायक्रोफिल्मवरून केलेल्या आहेत. मायक्रोफिल्मवर लाल फिकट राखाडी येऊ शकतो, आणि मग फाइल हलकी करायला कुणी ती नुसत्या काळ्या-पांढऱ्यात बदलली की त्या राखाडीचं नशीब मशीन ठरवतं, कुठे आकडा काळा होतो, कुठे अर्धा उडतो. ३ चा उरलेला तुकडा २ सारखा दिसला तर वाजवणारा २ च वाजवणार ना. अशा फाइलला डिजिटल म्हणून वेगळा मान द्यायचं काहीच कारण नाही. त्यातून पुस्तक कुठल्या ग्रंथालयातलं आहे ते पहिलं पानच बऱ्याचदा कापलेलं असतं.

प्रत कुठली हे एवढं का महत्त्वाचं, ते आम्हाला एका बारीक खुणेने शिकवलं. छापील फॅक्सिमिलीत एका जागी रेषेवर बारीक उभी रेघ होती, मी ती १ म्हणून वाजवत होतो आणि तो स्वर कानाला टोचायचा. रंगीत स्कॅनमध्ये तिथे काहीच नव्हतं. आधी वाटलं स्कॅनच खोटा. मग प्रस्तावनेत पाहिलं तेव्हा कळलं की फॅक्सिमिली ज्या प्रतीवरून केलीय ती प्रत वेगळीच आहे, त्यामुळे तिच्यातलं कसरीचं भोक किंवा शाईचा डाग दुसऱ्या प्रतीत असायचं कारणच नाही. उलटही होऊ शकतं, हातछपाईत छापता छापता चूक दिसली तर मशीन थांबवून खिळा बदलायचे आणि आधी छापलेले कागदही तसेच वापरायचे, म्हणून एकाच आवृत्तीच्या दोन प्रतींत खरा फरकही सापडतो. म्हणजे दोन वेगळ्या प्रतींची चित्रं शेजारी ठेवायला मिळणं ही मोठी सोय आहे, आणि ती आम्हाला मिळाली ती एक छापील आणि एक डिजिटल अशा दोन्ही होत्या म्हणून, अगदी योगायोगाने.

टिकण्याबद्दलही लिहायला हवं, कारण सरांचा यावर फार जीव आहे. २००३ मध्ये माद्रिदहून विहुएलाची सातही पुस्तकं एका सीडी-रॉमवर निघाली होती, त्या काळात केवढी मोठी गोष्ट, सात दुर्मिळ पुस्तकं एका चकतीवर. आज माझ्या घरात सीडीचा खाचा असलेला एकही लॅपटॉप नाही, ताईच्या नाही, सरांच्याही नाही. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला तेव्हा तिथल्या डिजिटल हस्तलिखितांची दारं जगभरच्या लोकांना कितीतरी महिने बंद होती. त्या ग्रंथालयात ल्यूटची नामांकित हस्तलिखितं आहेत, १६१६ सालची तारीख असलेलं जेन पिकरिंगचं पुस्तक त्यातलंच. ज्यांच्या कपाटात छापील फॅक्सिमिली होत्या ते तेवढे महिने वाजवत राहिले. मी हे वाचल्यापासून कामाची प्रत्येक फाइल उतरवून दोन ठिकाणी ठेवतो, आणि फाइलच्या नावातच ग्रंथालय, प्रतीचा क्रमांक आणि उतरवल्याची तारीख लिहितो.

शेवटी आम्ही जे केलं ते असं. छापील फॅक्सिमिलीतल्या त्या गाण्याच्या पानांची थोडी मोठी झेरॉक्स काढली, चांगल्या जाड कागदावर. लॅपटॉपवर रंगीत स्कॅन उघडला, रात्रीचा मोड बंद केला, झूम करून दोन उभ्या रेघांमधला एकेक तुकडा समोर ठेवला आणि ताईने लाल जेल पेनने कागदावरचा गळ्याचा प्रत्येक आकडा गिरवला. मी वाचायचो, ती गिरवायची आणि गिरवताना तो स्वर गुणगुणायची. दोन रविवार लागले. जिथे दोन प्रतींत फरक दिसला तिथे मी पेन्सिलने समासात खूण केली आणि सरांना दाखवून मगच काय वाजवायचं ते ठरवलं, असे फरक फार नव्हते, बहुतेक डागच निघाले. एक मात्र आम्ही कटाक्षाने पाळलं, मूळ फॅक्सिमिलीवर एक टिंबही काढलं नाही.

कुणी विचारेल की सरळ रंगीत प्रिंटच का नाही काढली. नंतर काढून पाहिली, आणि ती वाईट नाही, पण स्कॅनमध्ये जुन्या कागदाचा तपकिरी रंगही छापून येतो, मागच्या पानाची शाई पुढे उमटलेली दिसते, आणि विटलेला लाल त्या तपकिरीत बसतो. उजेड कमी असला की वाचता येत नाही. रंग सांगायला स्कॅन खरा, पण लांबून वाचायला ती छापील काळी-पांढरी पानंच जास्त स्वच्छ, फक्त त्यावर लाल परत आणावा लागतो. आणि हाताने गिरवल्यामुळे ताईला चाल पाठ झाली ती वेगळीच, तिच्या गुरूंनी तिला बंदिशी वहीत उतरवून घ्यायला लावल्या होत्या तसंच हे झालं असं ती म्हणते.

आता कुणी मला विचारलं की काय घेऊ, तर मी आधी उलट विचारतो, तुझ्या पुस्तकात रंगाला अर्थ आहे का? नसेल, म्हणजे सगळं एकाच काळ्या शाईत असेल, तर चांगली छापील फॅक्सिमिली मिळत असल्यास घे आणि सुखाने वाजव. असेल तर ग्रंथालयाचा रंगीत स्कॅन पाहिल्याशिवाय एक ओळही पाठ करू नको, मग छापील प्रत कितीही देखणी असो. आणि दोन्ही बाबतीत प्रस्तावना आणि सूचना वाच किंवा कुणाकडून तरी वाचून घे, आमचे तीन आठवडे आम्ही तो मजकूर ओलांडल्यामुळेच गेले.

गेल्या महिन्यात सरांकडे आम्ही दोन्ही आवृत्त्या पाठोपाठ म्हटल्या. पहिलीत ताईने मनसोक्त गळा फिरवला आणि मी संथ राहिलो, दुसरीत ती अगदी सरळ उभी राहिली आणि मी धावलो, दोन ठिकाणी अडखळलोही. सर डोळे मिटून ऐकत होते. झाल्यावर त्यांनी स्टँडवरची ती स्पायरल केलेली झेरॉक्स हातात घेतली, लाल गिरवलेल्या आकड्यांवरून बोट फिरवत पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत गेले, आणि म्हणाले, "आता पोर्तुगीज घेया. सहा आसात, लाल पेन हाड."

ताईने पर्समधून पेन काढलं.